थोरलीला लागलं तेव्हा

थोरलीचं तोंड आणि धाकटीचे कान यांवर त्या दोघींचा संसार चालला होता.

सख्ख्या भावांच्या बायका त्या. भाऊ एकापाठोपाठ एक गेले आणि मागे उरली इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरची एक खोली नि दोन जावा. शेजारीपाजारी म्हणाले, जावा-जावा एका खोलीत म्हणजे महिन्याभरात एकमेकींच्या झिंज्या धरणार. तसं काही झालं नाही. थोरलीला बोलायला समोर कुणीतरी लागायचं आणि धाकटीला मुळात बोलायचाच आळस. जोडी जमली.

थोरली काजं-बटणांचं काम करायची. शिलाईच्या कारखान्यातून शर्टांचा गठ्ठा आणायचा, खिडकीत बसून बटणं लावायची, गठ्ठा परत द्यायचा. सुई चालू झाली की जीभही चालू. समोरच्या न्हाव्याने दुकानाचा आरसा बदलला, तर त्यावर तिचं अख्खी दुपार पुरेल इतकं म्हणणं असायचं.

"फुटला नाही गं तो, फोडला! बायकोने फोडला. का फोडला, विचार."

धाकटी तांदूळ निवडत राहायची.

"विचार ना!"

"का फोडला?"

"ते मला काय माहीत? पण आरसा असा उगाच फुटत नाही."

गल्ली संपते तिथे एक जुनं प्रार्थनाघर होतं. हातभर जाडीच्या दगडी भिंती, उंच छत, वर अगदी छपरापाशी लहान लहान खिडक्या. तिथल्या मंडळींची रीत जगावेगळी. आत ना गाणं, ना प्रवचन, ना कसला गजर. माणसं यायची, बाकांवर किंवा भिंतीला टेकून फरशीवर बसायची, डोळे मिटायची आणि गप्प राहायची. देवाचं काही ऐकायचं असेल तर आधी आपण तोंड मिटावं, एवढंच त्यांचं शास्त्र. नवरा गेल्यावर धाकटी तिथे झाडलोटीच्या कामाला लागली आणि हळूहळू त्या घरचीच होऊन गेली. फरशी पुसायची, पाण्याचं पिंप भरायची, आणि मंडळी बसली की दारात उभी राहून, बोलत बोलत येणाऱ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प करायची. हे शेवटचं काम तिला मनापासून आवडायचं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या न बोलण्याची कदर केली होती.

मंडळींचा एक खास शब्द होता. बसता बसता एखाद्याचं मन खोल जायचं, श्वास संथ व्हायचा, मान किंचित कलंडायची, कपाळावरच्या आठ्या कुणी हाताने पुसल्यासारख्या जायच्या. मग शेजारचा हळूच पलीकडच्याला सांगायचा, "त्यांना लागलं." लागलं म्हणजे मौन लागलं. अशा माणसाला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, नाकावर माशी बसली तरी ती हाकलायची नाही, हा तिथला सगळ्यात जुना नियम. लागणं सगळ्यांच्या नशिबी नसे. धाकटीला इतक्या वर्षांत एकदाही लागलं नव्हतं. डोळे मिटले की तिला पिंपाचा नळ नीट बंद केला का, हेच आठवायचं.

उन्हाळे काय आधीही यायचे. पाहुण्यासारखे यायचे, जिवाला त्रास द्यायचे आणि जायचे. अलीकडे मात्र उन्हाळ्याने बस्तानच बसवलं होतं. संध्याकाळ झाली तरी भिंतीला हात लावावा तर चटका. नळाचं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं. पंखा लावला की कुणी भट्टीचं दार तोंडावर उघडतंय असं वाटायचं, आणि वीज गेली की तेवढंही नाही. गल्लीतली कुत्री गटाराकडेच्या चिखलात पोट टेकून पडायची. त्यातली काही उठायचीच नाहीत. मग माणसं जायला लागली. खालच्या मजल्यावरच्या चावीवाल्याची आई गेली. शेजारच्या इमारतीत एकटा राहणारा गवंडी गेला. तो गेल्याचं वासावरून कळलं. रेडिओवर रोज सांगायचे, गरज नसेल तर घराबाहेर पडू नका. थोरली त्या रेडिओलाच म्हणायची, "ये की एकदा आमच्या घरात. मग सांग, बाहेर पडू नका म्हणून."

त्यांची खोली गच्चीच्या थेट खाली. डोक्यावरचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि दिवस मावळला की ती आग सावकाश खोलीत सोडत राहायचा. मागच्या उन्हाळ्यात थोरली जिन्यातच घेरी येऊन पडली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरने धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, वयही झालंय, आणखी एकदा असं झालं तर हे शरीर सोसणार नाही. दुपारी यांना त्या खोलीत ठेवू नका. ठेवू नका! जशा काही यांच्या चार खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. पण ते वाक्य धाकटीच्या मनात रुतून बसलं. यंदाच्या उन्हाळ्यातून थोरलीला जिवंत पार न्यायचं, यापलीकडे तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

गवंड्याला उचलून नेलं त्यानंतर प्रार्थनाघरातली वडीलधारी मंडळी जमली. त्यांच्यात सगळ्यात ज्येष्ठ चष्मेवाले काका. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलेलं, त्यामुळे कुणाकडेही पाहिलं की आधी त्याच्या काचा पुसून द्याव्यात असं त्यांना वाटायचं. ते म्हणाले, "या भिंती आपण बांधलेल्या नाहीत. आपल्या आधीच्यांनी बांधल्या, आपण नुसते गारव्याला बसतो. दार उघडं ठेवू या, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. ज्याला यायचं त्याने यावं."

"फरशीवर लोळतील लोक," पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या.

"लोळू देत. त्यासाठीच तर ती गार आहे. फक्त आतलं मौन मोडायचं नाही. ते मोडलं की हे घर म्हणजे नुसतं गोदाम."

सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटीने सगळ्यात जोरात.

आणि लोक आले. रस्ता झाडणारी बाई आली, ती आपला लांब दांड्याचा झाडू दाराबाहेर उभा करून आत यायची. हमाल आले, बाळंतीण आली, दुकानात गिऱ्हाईक फिरकेना म्हणून न्हावी आला. कुणाचा देव कोणता हे कुणी विचारलं नाही. धाकटी ओल्या चादरी दारांवर टांगायची, पाण्याचे पेले फिरवायची. मुलंसुद्धा खुणांनी भांडायला शिकली. भरलेलं घर आणि त्यात पेला ठेवल्याचा तेवढा आवाज. धाकटीचा ऊर भरून यायचा. पण त्या गर्दीत थोरली नव्हती.

"तिथे येऊन मी करू काय?"

"बसायचं, ताई. गार आहे."

"गार तर बर्फाच्या कारखान्यातही असतं. बोलायला कोण आहे?"

"बोलायचं नसतं तिथे."

"मग माणसं कशाला जमवता? एकेकट्याने गप्प बसायला एवढी गर्दी कशाला लागते तुम्हाला?"

"इथे भाजून निघाल तुम्ही."

"मग येता-जाता उलटत जा मला. एकच बाजू करपायला नको."

शेवटी तिला आणलं ते घामाने. बोटांतून सुई निसटायला लागली, पांढऱ्या शर्टावर घामाचा डाग पडला, आणि कारखान्यातून शर्ट परत आला. तेव्हा थोरली गठ्ठा काखेत मारून, बटणांची डबी हातात घेऊन जिना उतरली.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. थोरलीची कुजबुज म्हणजे इतरांचं ओरडणं. शेजारी झाडूवाली बसली होती; थोरलीने तिला माहेर, सासर, मुलं असं सगळं विचारून घेतलं आणि स्वतःकडचं सांगायला सुरुवात केली. बाकांवरच्या माना वळल्या. काका खोकले. धाकटीने दारातून ओठांवर बोट ठेवलं.

"अगं हळूच तर बोलतेय!" थोरली म्हणाली, आणि ते छताला लागून सगळीकडे घुमलं. न्हावी फिस्सकन हसला. मंडळींपैकी दोघं-तिघं उठून गेली.

असं रोजच व्हायला लागलं, तेव्हा पोस्टातल्या बाईंनी धाकटीला बाजूला घेतलं. "तुमच्या जाऊबाईंना जरा समजवा. नसेल जमत तर त्यांना बाहेर पायऱ्यांवर बसू दे."

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. धाकटी त्या संध्याकाळी घरी आली ती फणफणत. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली बाई, पण त्या दिवशी म्हणाली, "ताई, आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढं एकच करा माझ्यासाठी. गप्प बसा."

थोरलीने सुई खाली ठेवली. सुईत ओवायला घेतलेला दोरा तसाच हातात.

"बरं बाई," ती म्हणाली. "बसते गप्प. वरच्या ओठाला काज करते, खालच्याला बटण लावते. मग तर झालं?"

आणि तिने शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून थोरली भिंतीला टेकून मुकाट बटणं लावायची. बोलली नाही, कुजबुजली नाही. आणखी एक गोष्ट तिने केली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. मोरीकडे जायचं तर सगळ्या बाकांसमोरून जायला लागायचं, आणि तिथल्या दाराची लोखंडी कडी वाजली की डोळे मिटलेली माणसंसुद्धा डोळे उघडायची. थोरलीने पाणी प्यायचं कमी केलं. बायकांना हे गणित कुणी शिकवावं लागत नाही.

एका दुपारी ती पुरा झालेला गठ्ठा कारखान्यात देऊन आली. ऊन टळटळीत होतं, डांबर चपलांना चिकटत होतं. आली आणि आपल्या जागी बसली. धाकटीने पेला दाखवला, तिने हाताने नको म्हटलं. वीज गेलेली होती, घर माणसांनी गच्च भरलेलं होतं. थोरलीने बटणांची डबी मांडीवर घेतली, पण सुई काढली नाही. डोळे मिटले.

थोड्या वेळाने धाकटीची नजर गेली. थोरली निवांत बसली होती. घाम नाही, चेहरा कोरडा, लालसर. मान किंचित कलंडलेली. कपाळावर एक आठी नाही.

तेवढ्यात झाडूवाली उठली. नियमाला जागून चवड्यांवर चालत दाराशी आली, धाकटीच्या कानाशी लागली आणि अगदी हलकेच म्हणाली, "तुमच्या जाऊबाईंना लागलंय."

दिवसभर उन्हात रस्ते झाडणाऱ्या बाईच्या तोंडी त्या दिवसांत या वाक्याचा एकच अर्थ होता. ऊन लागलंय. आणि एवढी वर्षं त्या दारात उभं राहिलेल्या बाईच्या कानाला त्या वाक्याचा एकच अर्थ माहीत होता.

धाकटीचे डोळे भरून आले. थोरलीला! जिच्या तोंडाला झोपेतही खळ नव्हता, तिला लागलं. आपल्याला जे जन्मात जमलं नाही ते हिला या थोड्या दिवसांत जमलं. क्षणभर हेवा वाटला, मग त्या हेव्याची लाज वाटली, मग नुसता आनंद उरला. तिने झाडूवालीचा हात दाबला, मला कळलं अशी मान हलवली, आणि ओठांवर बोट ठेवलं.

झाडूवालीला वाटलं, यांना माहीत आहे, कुणाला तरी बोलावणं धाडलं असेल. या घराची रीत वेगळी, आपण कोण मध्ये बोलणार? ती आपल्या जागी जाऊन बसली.

मग धाकटीने थोरलीवर पहारा ठेवला. एक मूल रांगत तिच्या पायाशी गेलं, त्याला उचलून लांब ठेवलं. कुणी जवळून पाण्याचं भांडं नेऊ लागलं, त्याला खुणेने दुसरीकडून जायला लावलं. थोरलीच्या ओठांच्या कोपऱ्यावर एक माशी बसली. बराच वेळ बसली. धाकटीने ती हाकलली नाही.

ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलं तेव्हा थोरलीचा हात मांडीवरून घसरला आणि डबी फरशीवर आपटली. बटणं टणटण करत सगळ्या घरभर पळाली, बाकांखाली, लोकांच्या पायांत. शर्टाचं एक बटण हरवलं तर खोलीतली चटई उचलून झाडणारी बाई ती. तिने डोळेही उघडले नाहीत.

धाकटी धावली, आणि त्या घरात कुणी केलं नव्हतं ते तिने केलं. तिने लागलेल्या माणसाला हात लावला. तव्याला हात लावल्यासारखा हात मागे आला.

"ताई!"

ती हाक छतापर्यंत गेली आणि परत आली. थोरलीपर्यंत मात्र पोचली नाही.

हमालांनी तिला भाजीच्या टेम्पोत घातलं. इस्पितळात खाटा नव्हत्या. बोळात जमिनीवर माणसं ओळीने झोपवलेली, त्यांच्या काखेत, मानेखाली बर्फाच्या पिशव्या. एक तरुण डॉक्टरीण झोप न मिळालेल्या डोळ्यांनी खाली वाकली.

"कधीपासून बेशुद्ध आहेत?"

"त्या... बसल्या होत्या," धाकटी म्हणाली.

"बसल्या होत्या म्हणजे? बोलत होत्या की नव्हत्या?"

उत्तर मागून आलं. झाडूवाली टेम्पोबरोबर आली होती. "मी सांगितलं होतं यांना. दुपारीच सांगितलं. कानात."

डॉक्टरणीने धाकटीकडे पाहिलं.

"हो," धाकटी म्हणाली. "सांगितलं होतं."

बाहेर आल्यावर झाडूवालीने विचारलं, "मग केलं का नाही तुम्ही काही?" तेव्हा धाकटीने तिला तो शब्द सांगितला, त्यांच्या घरातला त्याचा अर्थ सांगितला. झाडूवालीला हसू आलं नाही आणि रागही आला नाही.

"अहो बाई," ती म्हणाली, "असल्या दिवसांत माणसाला दुसरं काय लागणार?"

थोरली मेली नाही. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं बदलत गेली, चादरीने तोंड झाकून नेली गेली, ती राहिली. पण डोक्यात चढलेला ताप तिच्यातलं काहीतरी घेऊनच उतरला. पाय टाकायची तो भलतीकडेच पडायचा. आणि शब्द! मनात तयार असायचे, तोंडापर्यंत यायचे, आणि ओल्या पिठासारखे जिभेला चिकटून बसायचे. हे किती सुधारेल, असं धाकटीने विचारलं तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, "जिवंत आहेत ना?" आणि पुढच्या माणसाकडे वळली.

प्रार्थनाघरात मंडळी जमली. पोस्टातल्या बाईंचं म्हणणं, रीत चुकलेली नाही, योगायोग वाईट. आता दार बंद करावं, उगाच अंगाशी यायचं. दुसरे कुणी म्हणाले, दार उघडं ठेवू पण घरात डॉक्टर हवा. डॉक्टर कुठून आणणार, असं तिसरं कुणी म्हणालं.

दाराशी उभी असलेली धाकटी पुढे आली. त्या मंडळींसमोर ती कधी बोलली नव्हती.

"ताईंना मी गप्प केलं," ती म्हणाली. "एरवी त्या गप्प बसल्या असत्या तर गल्लीतलं शेंबडं पोरही म्हणालं असतं, हिला काहीतरी झालंय. इथे आम्ही सगळेच गप्प, तर कळणार कसं? दार उघडं ठेवायचं असेल तर लोकांना बोलू द्या. नसेल जमत तर बंद करा. पण मी आता कुणाच्या तोंडावर बोट ठेवणार नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ऐकू यावं म्हणून गप्प बसत होतो आपण," ते म्हणाले. "आणि ती बाई कानात सांगून गेली तरी ऐकू आलं नाही."

ठरलं ते असं: मंडळींनी पहाटे, दार उघडण्याआधी बसायचं. दार उघडलं की बोलायचं. आणि डोळे मिटलेला कुणी दिसला तर त्याला हलवून विचारायचं. पोस्टातल्या बाई आणि त्यांच्या बाजूचे काहीजण त्या दिवसापासून यायचे बंद झाले. उरलेल्यांना तरी कुठे सोपं होतं? घराचा बाजार झाला. काका त्या कलकलाटात डोकं धरून बसायचे, पण बसायचे. आणि मग एक उघड झालं. गल्लीतल्या कितीतरी वरच्या खोल्यांतून माणसं उन्हात भाजत बसली होती, ती त्या मौनाच्या धाकाने. रात्रंदिवस खोकणारा एक हमाल होता. स्वतःशीच बडबडणारा एक म्हातारा होता. तान्हं मूल रडतं म्हणून न येणारी एक आई होती. मंडळी आता जिने चढून त्यांना घेऊन येऊ लागली. काहींना उशीर झालेला असायचा. तेव्हा चादर घेऊन परत जावं लागायचं.

थोरली मात्र येईना. आधी बोलू देत नाहीत म्हणून येत नव्हती, आता बोलता येत नाही म्हणून. घरी आली त्या दिवशी तिने जिन्यात चावीवाल्याच्या नातवाला काहीतरी विचारलं, आणि पोराने तिच्यासारखंच तोंड वाकडं करून दाखवलं. झालं. तेव्हापासून तिने तोंड मिटलं. वर स्लॅब तापत होता, उन्हाळा अजून बराच उरला होता, आणि थोरली खिडकीत भिंतीकडे तोंड करून बसायची.

शेवटी बोलायची पाळी धाकटीवर आली. पण तिला कुठे सवय! "आज तिथे हमालाचं आणि बाळंतिणीच्या सासूचं भांडण झालं," असं ती सांगायची आणि थांबायची.

थोरलीची मान किंचित वळायची. "म... मग?"

"मग काही नाही. मिटलं."

"अ... असं... क... कसं?"

"काय माहीत. मी पाणी भरत होते."

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. असल्या अर्ध्यामुर्ध्या बातम्यांवर जगणं म्हणजे तिला उपासमारच होती. चार-सहा दिवस तिने सोसलं. मग एका सकाळी स्वतःच धाकटीच्या खांद्याला हात घालून दाराकडे बोट केलं. खुर्चीत बसवून हमालांनी तिला खाली आणलं.

प्रार्थनाघरात कलकलाट होता. थोरलीला झाडूवालीशेजारी टेकवून बसवलं, आणि धाकटी दारात आपल्या जागी जाऊन उभी राहिली. थोरलीने इकडेतिकडे पाहिलं. भांडणाचं विचारेल असं धाकटीला वाटलं. तिने झाडूवालीचा हात धरला आणि तोंड उघडलं.

शब्द येईना. जवळचे लोक थांबले. ते थांबले म्हणून त्यांच्या मागचे थांबले. बाकांवरच्या मंडळींना तर वाट पाहायची जन्माची सवय. कुणी तिचं वाक्य पुरं करायला गेलं नाही, कुणी नजर चुकवली नाही. काका कान पुढे करून बसले. सबंध घर गप्प झालं आणि त्या गप्प घरात थोरलीचं एकेक अक्षर ओढत, ठेचकाळत बाहेर आलं.

"त्या... दिवशी... तू... ओ... ओरडली... का... नाहीस?"

त्या दुपारी काय झालं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इस्पितळात नाही, घरी नाही. धाकटीने रोज सांगायचं ठरवलं होतं आणि रोज भात ढवळत बसली होती. कुणाशेजारी आपण बसलो होतो, एवढंच थोरलीला आठवत होतं.

झाडूवालीने दाराकडे पाहिलं, मग खाली. "कशी ओरडणार, ताई? तुमच्या जाऊबाईंच्या कानात सांगितलं मी. लागलंय म्हणून. त्यांना वाटलं, मौन लागलंय. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं."

थोरलीने मान वळवली. धाकटी दारात उभी होती, दाराची उघडी फळी हाताने घट्ट धरून. मागून ऊन येत होतं, तिच्या पाठीवर, मानेवर. सकाळपासून तिने पिंप भरलं होतं, खुर्चीमागे जिना उतरली होती, चेहरा लाल होऊन सुजल्यासारखा दिसत होता. ती नजर खाली घालेना आणि पुढेही येईना.

थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ परत हलायला लागले, आणि सगळे परत थांबले.

"तिला..." थोरली म्हणाली. झाडूवालीचा हात तिने हलवला. "तिला... पा... पाणी दे. उ... उन्हातून... आत घे."

झाडूवाली पेला घेऊन उठली. न्हाव्याने सरकून भिंतीशी जागा केली.